यादीतला अठ्ठाविसावा जिन्नस

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे आणि आज काही केल्या मला गप्प राहवत नाही! आज फेब्रुवारीचा तिसरा शनिवार. दरवर्षी या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोन माणसे मला भेटायला येतात. सकाळपासून माझ्या कड्या नुसत्या शिवशिवत आहेत. पाच वाजायला अजून अवकाश आहे, तोवर माझी हकीकत ऐका.

माझा जन्म संखेड्याचा. बडोद्यापासून ते गाव फार लांब नाही. तिथे मगनलाल खरादी नावाचे कारागीर होते. सागाचे लाकूड खराद यंत्रावर गरागरा फिरवून त्यांनी माझ्या पाठीचे दांडे घडवले. त्यावर कथलाची नक्षी काढली, ती अकीकाच्या दगडाने घोटली आणि वरून लाखेचा थर दिला. काय सांगू! चांदीसारखी दिसणारी माझी नक्षी लाखेखाली बघता बघता सोन्यासारखी झाली. मी स्वतःवरच खूश होतो. आजही आहे, थोडे टवके उडाले म्हणून काय झाले?

मला घ्यायला आले ते एक नवे जोडपे. विश्वासराव एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि प्रतिमाबाई शाळेत शिक्षिका. विश्वासरावांना हिरवा झोपाळा हवा होता. मी तांबडा आहे. तेव्हा त्या घरात कोणाचे चालत असे, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको!

त्यांचे घर बडोद्यातच, विश्वामित्री नदीपलीकडे, अकोट्यात. बडोद्यात घर बघायला गेलेला माणूस आधी छताला झोपाळ्याच्या कड्या आहेत का ते बघतो आणि मग नळाला पाणी आहे का ते. मराठी माणसेही इथे राहून तशीच झाली आहेत. शेजारचे लोक मला ‘हिंचको’ म्हणत, घरातले ‘झोपाळा’ म्हणत. मला दोन्ही नावे चालत.

घरात माणसे दोनच. संध्याकाळी विश्वासराव कारखान्यातून आले की आधी माझ्यावर बसत. त्यांचे काम उंच मनोऱ्यांवर चढून तपासणी करण्याचे. दिवसभर उंचावर वारा खाल्लेला हा माणूस माझ्यावर बसला की त्याचे खांदे सैल पडत. थोड्या वेळाने प्रतिमाबाई हात पुसत येत, त्यांच्या डाव्या बाजूला बसत आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा देत. झोका द्यायचा तो नेहमी त्यांनीच. मग मी निघालो! कुई... कुई... माझ्या उजव्या कडीला ही खोड जन्मापासूनची आहे.

या कुईची एक गंमत होती. प्रतिमाबाई स्वयंपाकघरात असल्या तरी माझ्या आवाजावरून त्यांना नवऱ्याचे मन कळे. लांब, निवांत कुई आली की समजायचे, दिवस बरा गेला. तोकड्या, घाईच्या कुया आल्या की साहेबांशी वाजले. मग त्या काही विचारत नसत, चहात आले जास्त घालीत. विश्वासरावही काही सांगत नसत, चहा पिऊन हसत. “आमच्याकडे फारसं बोलावंच लागत नाही,” असे दोघे पाहुण्यांना मोठ्या तोऱ्याने सांगत. मलाही केवढा अभिमान वाटे! अख्ख्या घराचे बोलणे माझ्या एका कडीवर चालत होते. मित्रांनो, तीच तर चूक होती, पण ती तेव्हा ना त्यांना कळली ना मला.

बारा वर्षे अशी गेली. मग एका जूनमध्ये प्रतिमाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. घरात पेढे आले, शेजारच्या बेन लोक हार घेऊन आल्या. त्याच आठवड्यातली गोष्ट. विश्वासराव कारखान्यातून आले, माझ्यावर बसले, मी जेमतेम एक झोका घेतला आणि त्यांनी माझी पितळी सळई गच्च धरली. हात घामाने ओला! चेहरा पांढरा! त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. घरात दुसरे कोणी नव्हते. मी सोडून हे कोणीच पाहिले नाही.

त्यानंतर ते माझ्यावर बसले नाहीत. समोरच्या लाकडी खुर्चीवर बसू लागले. ते गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आल्याचे मला ठाऊक होते. माझ्याच शेजारी उभे राहून त्यांनी एका ओळखीच्या माणसाला फोनवर हळू आवाजात सांगितले होते, “कानाच्या आतला तोल गेलाय म्हणतात. पण कारखान्यात कळलं तर मला वर चढू देणार नाहीत. कोणाला बोलू नका.” बायकोलाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. वर चढणारा माणूस म्हणून त्यांचा कारखान्यात मान होता. आता झोपाळ्यावरही तोल जातो हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि प्रतिमाबाई? त्या स्वयंपाकघरातून कान देऊन बसत. कुई नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिना झाला तरी नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला, ‘मी मुख्याध्यापिका झाले आणि ह्यांना माझ्या शेजारी बसणं जड व्हायला लागलं.’ त्यांनी विचारले नाही. ह्यांनी सांगितले नाही. पुढे शब्दाला शब्द लागू लागला, तोही भाजीवरून, पंख्यावरून, कशाहीवरून. दीड वर्षाने त्या बॅग भरून फतेगंजला भावाकडे निघून गेल्या.

मला तर ओरडून सांगावेसे वाटत होते! अहो बाई, त्यांना चक्कर येते! पण मला आवाज एकच, आणि तोही कोणी बसल्याशिवाय निघत नाही. विश्वासराव माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. मग वर्तमानपत्रांची थप्पी आली. नक्षीत धूळ बसली. पण धुळीचे मला दुःख नव्हते. त्या घरातली खरी गोष्ट माझ्या पोटात अडकली होती आणि नवरा-बायको वेगळी व्हायला निघाली होती, याने मी आतून पोखरला जात होतो.

आणखी दीड वर्ष गेले आणि दोघे अलकापुरीतल्या एका कचेरीत जाऊन पोहोचले. जिथे मी आज आहे, तीच ही कचेरी. डावीकडच्या खोलीत अहल्याताई बसतात, त्या वकील. उजवीकडच्या खोलीत त्यांच्या भावजय निरुपमा. त्या समुपदेशन करतात, म्हणजे भांडलेल्या माणसांना एकमेकांचे ऐकायला शिकवतात. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. नणंद आणि भावजय एका छपराखाली गुण्यागोविंदाने काम करतात, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

इथला रिवाज ठरलेला आहे. आलेल्या जोडप्याला आधी पाणी, मग डावी खोली, मग उजवी. अहल्याताई पहिल्याच दिवशी कायदा स्वच्छ सांगतात, तुमचा हक्क काय, किती थांबावे लागेल, घर कोणाचे, सामान कोणाचे. त्या म्हणतात, “ज्याला दार कुठे आहे ते माहीत असतं, तोच खोलीत निवांत बसून बोलू शकतो.” आणि वहिनी कोणाला जबरदस्तीने जोडायला जात नाहीत. वेगळे व्हायचे असेल तर नीट व्हा, पण खरे काय ते बोलून व्हा, एवढेच त्यांचे म्हणणे.

विश्वासराव आणि प्रतिमाबाई वर्षापेक्षा जास्त वेगळे राहिलेले होते. दोघांच्या संमतीने अर्ज करायचे ठरले. त्यासाठी घरातल्या सामानाची यादी झाली. फ्रीज, कपाट, पितळेचा बंब, सत्तावीस जिन्नस अर्ध्या तासात वाटून झाले. “तुला घे.” “नको, तुम्हालाच राहू दे.” असे एखाद्या लग्नघरासारखे चालले होते म्हणे! आणि अठ्ठाविसाव्या जिन्नसावर घोडे अडले. तो जिन्नस मी.

“झोपाळा माझ्याकडे राहील,” प्रतिमाबाई म्हणाल्या.

“झोपाळा मला पाहिजे,” विश्वासराव म्हणाले.

“तुम्हाला? बसता तरी का त्याच्यावर?”

“ते माझं मी बघेन.”

तीन बैठका झाल्या, कोणी हटेना. शेवटी अहल्याताईंनी वैतागून निवाडा दिला. “निकाल लागेपर्यंत झोपाळा इथे आणून ठेवा. कोणाच्याच घरी नको. बरोबर ने?” बडोद्याच्या मराठीत ‘ना’चा ‘ने’ होतोच.

झाले! मी टेंपोत चढलो. विश्वासराव टेंपोमागून स्कूटरवर ओरडत येत होते, “धीमे, भाई, धीमे! लाख उखडशे!” ज्या माणसाने माझ्यावर कपड्यांचे ढीग टाकले, त्याला माझ्या लाखेची एवढी काळजी? मला तर हुंदकाच आला.

कचेरीत मला ठेवायला जागा नव्हती. पण हे बडोदे आहे, मित्रांनो! ओसरीच्या छताला चार कड्या होत्याच. म्हणून मला दोन्ही खोल्यांच्या मध्ये टांगले. प्रतिमाबाईंनी लगेच अट घातली, “बाकी कोणीही खुशाल बसा. पण निकाल लागेपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणी बसायचं नाही.” विश्वासरावांनी ती अट इतक्या झटकन मान्य केली की वहिनींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिले.

आणि मग माझ्या आयुष्याचे नवे पान उलटले! वहिनींच्या लक्षात आले की टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली नवरा-बायको कोर्टात उभी असल्यासारखी बोलतात, पण माझ्यावर शेजारी शेजारी बसली की दोघांची तोंडे एकाच बाजूला होतात. समोर पाहून खरे बोलणे सोपे जाते. एकाला पुढे जायचे असेल आणि दुसऱ्याने पाय टेकवला तर मी वाकडातिकडा हेलकावतो. मग दोघांना हसू तरी येते, नाहीतर रडू तरी. वहिनी दोन्हीला तयार असत.

काय काय ऐकले मी त्या आठ महिन्यांत! एक जोडपे माझ्यावर चार वेळा बसले आणि शेवटी शांतपणे वेगळे झाले. जाताना त्या बाईने नवऱ्याला आठवण करून दिली, “तुमच्या गोळ्या निळ्या पिशवीत ठेवल्यात.” वेगळे होणेही इतके नीट होऊ शकते, हे मी तेव्हा शिकलो. आणि एकदा एक मुलगी आली, तिच्या दंडावर वळ होते. वहिनींनी तिला नवऱ्याशेजारी बसवलेच नाही. तिला एकटीला माझ्यावर बसवले, पाणी दिले आणि अहल्याताईंनी त्याच दिवशी तिच्यासाठी कागद तयार केला. प्रत्येक जोडी झोपाळ्यावर बसवायची नसते. हेही मी इथेच शिकलो.

माझे कौतुक होत होते, रोज कोणीतरी फडक्याने पुसत होते. पण मन माझे त्या दोघांत अडकलेले. ती येत, उजव्या खोलीत जात, बाहेर येत. वहिनींनी किती परींनी विचारले असेल! “झोपाळ्यावर बसणं का सोडलंत, विश्वासराव?” आतून उत्तर ऐकू येई, “कंटाळा आला.” कंटाळा! मी रागाने थरथरलो, पण वर कोणी बसलेले नव्हते, आवाज कुठून काढणार?

आणि उजाडला फेब्रुवारीचा तिसरा शनिवार. अर्जावर सह्या करायचा दिवस. पाच वाजले होते. अहल्याताई म्हणाल्या, “आता चिठ्ठ्या टाकू. ज्याचं नाव निघेल, झोपाळा त्याचा. मग सह्या.” स्टीलच्या वाटीत दोन चिठ्ठ्या पडल्या. वहिनींनी डोळे मिटून एक उचलली. माझे सगळे दांडे ताठ झाले. चिठ्ठीवर नाव होते, विश्वास.

प्रतिमाबाई एकदम म्हणाल्या, “न्या. न्या घरी, टाका पुन्हा इस्त्रीचे कपडे. साडेतीन वर्षं बसला नाहीत, मग हवा कशाला होता एवढा?”

विश्वासराव खाली पाहत म्हणाले, “तू बसायचीस ना त्याच्यावर. म्हणून.”

वहिनी पुढे झाल्या. “झोपाळा आता तुमचा झाला, विश्वासराव. अट संपली. सही करायच्या आधी दोघं एकदा बसा. शेवटचं म्हणा हवं तर.”

विश्वासरावांनी माझ्याकडे पाहिले. मला माहीत होते त्या नजरेत काय आहे! ते अगदी कडेला बसले. प्रतिमाबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या, जुन्या जागी. कितीतरी दिवसांनी ते दोघांचे वजन! मला आनंद करावा की घाबरावे कळेना. आणि तेवढ्यात, मित्रांनो, सवय म्हणजे काय चीज असते पाहा! प्रतिमाबाईंच्या अंगठ्याने आपोआप जमिनीला रेटा दिला.

मी निघालो. मला थांबता येईना! कुई— आणि ती कुई अर्ध्यातच तुटली, कारण विश्वासरावांनी सळई गच्च आवळली होती.

ती अर्धी कुई प्रतिमाबाईंनी ऐकली. बारा वर्षे माझ्या आवाजावर कान ठेवलेली बाई ती. असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मान वळवली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. बाईंनी दोन्ही पाय जमिनीवर असे रोवले की मी जागच्या जागी उभा राहिलो.

“अहो! काय होतंय?”

“थांबव... गरगरतंय.”

“कधीपासून?”

विश्वासरावांनी डोळे मिटूनच घेतले होते. मग हळूच म्हणाले, “तू मुख्याध्यापिका झालीस ना, त्या आठवड्यापासून.”

सुटलो! साडेतीन वर्षे माझ्या पोटात असलेली गोष्ट बाहेर आली! मला वाटले, आता दोघे गळ्यात पडणार. छे! प्रतिमाबाई इतक्या संतापल्या की तेवढ्या त्या आठ महिन्यांत संतापल्या नव्हत्या. “साडेतीन वर्षं? मी काय परकी होते? मला वाटलं, माझं वर जाणं तुम्हाला खुपलं! आणि तुम्ही त्या मनोऱ्यांवर असेच चढत होता? पडला असतात म्हणजे?” आणि मग त्या रडू लागल्या, मोठमोठ्याने, माझ्या दांड्यावर डोके टेकून. विश्वासराव म्हणाले, “तू विचारलं नाहीस.” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नाहीत.” दोघांचेही खरे होते.

अहल्याताईंनी अर्जाचे कागद उचलले आणि खणात ठेवले. “हे कुठे पळून जात नाहीत. हवे असतील तेव्हा मागा, मी नाही म्हणणार नाही. आता उजव्या खोलीत चालो.” आणि वळून त्यांनी पदराने डोळे पुसले. मी पाहिले. वकिलांनी रडू नये असा काही कायदा नाही.

त्यानंतर दोघे सहा गुरुवार आली. विश्वासरावांनी कारखान्यात खरे सांगितले. त्यांचे वर चढण्याचे काम बंद झाले आणि त्यांना नकाशांच्या विभागात बसवले. पहिले काही दिवस त्यांना फार लागले ते. पण ते त्यांनी घरी येऊन सांगितले, चक्क शब्दांत! कानासाठी डॉक्टरांनी व्यायाम दिले, ते प्रतिमाबाई समोर बसून करून घेत. सातव्या गुरुवारी त्या फतेगंजहून बॅग घेऊन निघाल्या, त्या थेट अकोट्याला. खणातले कागद कोणी मागितले नाहीत.

पुढच्या आठवड्यात दोघे मला न्यायला टेंपो घेऊन आली. माझा आनंद काय वर्णावा! पण त्या वेळी माझ्यावर दुसरेच एक जोडपे बसलेले होते. मुलगी रडत होती. मुलगा समोर पाहत, अडखळत काहीतरी सांगत होता, बहुधा पहिल्यांदाच. विश्वासराव आणि प्रतिमाबाई दारातच थांबली. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. या वेळी माझ्या कुईची गरज पडली नाही, प्रतिमाबाईंनी तोंडाने विचारले, “राहू द्यायचा का इथेच?”

“राहू दे,” विश्वासराव म्हणाले. आणि टेंपो रिकामा परत गेला.

आठ महिने ज्यांनी मला एकमेकांना दिले नाही, त्यांनी मला अनोळखी माणसांना देऊन टाकले. मला वाईट वाटले का? वाटले, खोटे कशाला बोलू? पण तो मुलगा अजून बोलत होता, आणि मी त्याच्या झोक्यात खंड पडू दिला नाही.

आज या गोष्टीला विसाहून अधिक वर्षे झाली. माझी लाख टवके उडून गेली आहे. मध्ये कोणीतरी सुचवले की आता इथे छानसा सोफा आणा. अहल्याताई म्हणाल्या, “आधी मला हलवा, मग त्याला.” किती जोडपी माझ्यावर बसली त्याची मोजदाद नाही. काही एका दारातून गेली, काही दोन दारांतून. पण मनातले घेऊन कोणी परत गेले नाही, एवढे मी छातीठोक सांगतो.

अरे, फाटक वाजले! आली, आली! विश्वासरावांचे केस पार पांढरे झाले आहेत. प्रतिमाबाईंच्या हातात काठी आहे आणि दुसऱ्या हातात तेलाची छोटी बाटली. दोघे आपापल्या जागी बसतील. प्रतिमाबाई दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवतील, म्हणजे मी तसूभरही हलणार नाही. मग अर्धा तास ती बोलत राहतील, कारखाना, शाळा, गुडघे, शेजारी, काहीही. झोपाळ्याचे काम झुलण्याचे, हे खरे. पण मित्रांनो, वर्षातला हा अर्धा तास मी नुसता स्थिर उभा असतो, आणि त्याच्याइतका आनंद मला कुठल्याही झोक्याने दिला नाही!

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी आपल्या नेहमीच्या जागेवर बसेनासे झाले, तर मनात हिशेब मांडत बसू नका. जवळ जा आणि ‘का?’ म्हणून विचारा. आणि घरात झोपाळा असेल तर त्याला पुसत जा, कड्यांना तेल घालत जा. पण फार नको. विश्वासराव तेल घालताना उजवी कडी नेहमी सोडून देतात, कारण ते उठल्यावर एकटीने एक झोका घेऊन तिची कुई आजही प्रतिमाबाईंना ऐकायची असते.